मोटरसायकलवरून वाचता आलं पाहिजे

(अकोल्यात झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रकार नाही. तरी मला पोस्टरवर बोलायला बोलावलं, कारण मोहल्ल्यात ज्याच्याकडे लॅपटॉप असतो त्याच्याच गळ्यात सणाच्या आठ दिवस आधी पोस्टर पडतं. अमरावतीत दहा-बारा वर्षं ते माझ्या गळ्यात आहे. त्यात मी केलेल्या चुका सांगतो, म्हणजे तुम्ही निदान नव्या कराल.

सुरुवात सगळ्यात महागड्या चुकीपासून करतो. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. विसर्जन आणि जुलूस यांची एकच गर्दी होऊ नये म्हणून राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस २९ला नेला. सरकारनंही ईदची सुट्टी २९ला दिली. आम्ही काही मित्र मिलादनिमित्त रक्तदान शिबिर घेत होतो, तेही २९ला नेलं. बोर्ड मात्र मी आधीच करून ठेवला होता. वर घुमट, चंद्र, कंदील. मधोमध मोठ्या अक्षरांत शुभेच्छा. खाली सतरा फोटो, कारण वर्गणी देणाऱ्या कुणाला नाराज करायचं नव्हतं. आणि रक्तदान? सगळ्यात खालच्या पट्टीत एक ओळ: 'ईद-ए-मिलादच्या दिवशी भव्य रक्तदान शिबिर'. ना तारीख, ना वेळ.

२८ला सकाळी लोक आले आणि बंद दार पाहून परत गेले. त्यातले बरेच जण २९ला फिरकले नाहीत. रक्तपेढीच्या बहुतेक पिशव्या रिकाम्या परत गेल्या. गल्लीतले एक चाचा मला म्हणाले, "बेटा, तुम लोगों के फोटो तो बराबर दिखे. खून कब देना है, वो लिखाच नहीं."

त्या दिवसापासून मी लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहितो: हे पोस्टर पाहून माणसानं काय करावं? रक्त द्यायला यावं, ईद मिलनला यावं, की नुसता आनंद वाटून घ्यावा? काहीही चालेल, पण एकच. शुभेच्छांचं पोस्टर असेल तर ते शुभेच्छाच देऊ दे. शिबिराचं असेल तर शिबिर वर आणि शुभेच्छा खाली. वर्गणीदारांचे आभार कार्यक्रमात मानता येतात. तिथं ते ऐकूही येतात.

दुसरा प्रश्न, वाचणारा कुठं आहे? आपण पोस्टर बनवतो खुर्चीत बसून, एक हात अंतरावरून. राजकमल चौकातला माणूस मोटरसायकलवर असतो, मागं बायको, पुढं पोरगं, आणि सिग्नल सुटायच्या बेतात. साधा हिशोब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं. पन्नास फुटांवरून वाचायचं असेल तर पाच इंच. हा हिशोब केला की दहा बाय आठच्या बोर्डावर सतरा फोटो आणि चाळीस शब्द बसत नाहीत, हे आपोआप कळतं. मी फ्लेक्सवाल्याकडं पुन्हा मोठा मजकूर घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, येवढं सारं कसं बसन यात? बोर्ड हाय का पंचनामा?"

रंगाचंही तसंच. मोबाईलच्या पडद्यावर झगमगणारा हिरवा फ्लेक्सवर मळकट उतरतो, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि छपाई शाईनं. आधी हातभर तुकडा छापून उन्हात धरून पाहा. गडद हिरव्यावर पांढरं अक्षर दिसतं. हिरव्यावर लाल अक्षर दुपारी दिसत नाही आणि काही माणसांना कधीच दिसत नाही.

तिसरं, तारीख. आपले सण चंद्रावर चालतात. २०२५ला ३० मार्चला गुढीपाडवा झाला, त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि ३१ला ईद. ते आधी नक्की माहीत नव्हतं. म्हणून ईदच्या नमाजची तारीख छापायचीच असेल तर 'चंद्र दिसल्यास' हे शब्द तितक्याच मोठ्या अक्षरांत हवेत. कार्यक्रमाची तारीख मात्र वारासकट आणि आकड्यांत लिहा. 'ईदच्या दिवशी', 'जुम्याला' असं नको. शेजारच्या गल्लीतल्या बिगर मुस्लिम माणसालाही ती कळली पाहिजे.

इथून भाषेवर येतो. याच अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. त्यावर वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ एप्रिल २०२५ला न्यायालयानं सांगितलं की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची बंदी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे. पण त्याचा दुसरा अर्थही घ्या. दोन लिप्या शेजारी राहतात त्या दोघांना वाचता यावं म्हणून. आपल्या पोस्टरवर नुसती उर्दू असेल तर आपली मराठी शाळेत शिकलेली मुलंसुद्धा ते वाचत नाहीत.

दोन लिप्या एकत्र मांडणं हे तांत्रिक कामही आहे. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिरपी उतरते, त्यामुळं तिला ओळीच्या वर-खाली जास्त जागा लागते. सॉफ्टवेअरला ती येत नसेल तर अक्षरं सुटी आणि उलटी होतात, 'मुबारक'चं 'करबामु' होतं. मराठीतही सुटका नाही. दुकानातले फॉन्ट बहुतेक जुने, आपल्या मोबाईलवरचा मजकूर युनिकोड. एकातून दुसऱ्यात जाताना जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात आधी फुटतो तो आपलाच 'वऱ्हाड'. आणि देवनागरी अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. छापायला देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये बदला, मूळ फाईल जपून ठेवा, आणि उर्दू वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

चित्राचं बोला. आपल्या प्रत्येक पोस्टरवर इस्तंबूल किंवा दुबईचे मिनार का? नरनाळा किल्ला इथून दूर नाही. त्याच्या महाकाली दरवाजावर कोरलेली कमळं आहेत आणि अरबी अक्षरंही, एकाच दगडात, १४८७ सालची. वऱ्हाडातल्या ईदच्या पोस्टरला यापेक्षा सुंदर नक्षी कुठं मिळेल? स्वतः जाऊन फोटो काढा.

शेवटचा मुद्दा पोस्टर लावल्यानंतरचा. अमरावतीनं नोव्हेंबर २०२१ पाहिला, अकोल्यानं मे २०२३. अकोल्यात तर सुरुवात सोशल मीडियावरच्या एका पोस्टनं झाली. आपल्या गावांत चित्र आणि मजकूर ही नाजूक वस्तू आहे. बोर्ड वाऱ्यानं फाटला की कुणी फाडला, हे रात्री कुणी विचारत नाही. म्हणून तीन गोष्टी. फ्लेक्सवर आयत किंवा पवित्र नावं छापू नका, तोच फ्लेक्स महिन्याभरानं नालीत दिसतो. महापालिकेची परवानगी घ्या. विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५चा कायदा आहे, आणि परवानगी असली की आपल्याला ताठ मानेनं बोलता येतं. आणि सण संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन आपणच बोर्ड उतरवा. माझ्या मते तोही डिझाइनचाच भाग आहे.

२०२४ला मिलाद १६ सप्टेंबरला होती आणि विसर्जन १७ला. आम्ही गर्दीत न शिरता शिबिर पुढच्या रविवारी ठेवलं. बोर्डावर एवढंच होतं: 'रक्त द्या. रविवार, २२ सप्टेंबर, सकाळी ९ ते २.' खाली जागा, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, उपाशीपोटी येऊ नका. आणि 'सगळ्यांनी या', मराठीत आणि उर्दूत. फोटो एकही नाही. वर्गणी थोडी कमी झाली, खोटं कशाला सांगू. पण दुपारी एक अनोळखी काका आले, कपाळावर गंध. नाव लिहिताना मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, "कोनी नाही. चौकात 'सगळ्यांनी या' लिहेल होतं, म्हून आलो."

तुमचं पुढचं पोस्टर छापण्याआधी तिघांना दाखवा: घरातल्या अम्मीला, आठवीतल्या एका मुलीला, आणि दुसऱ्या समाजातल्या एका दुकानदाराला. तीन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, काय आहे, कधी आहे, कुठं आहे. तिघांनी सांगितलं तर छापा. नाही सांगितलं तर अजून काहीतरी काढून टाका.