खालचा मजला, वरचा मजला
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या परंपरेत गळक्या मोरीवर बोलण्याचे धाडस मी करीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. तथापि नोकरीनिमित्त बंगळूरला येऊन येथेच स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांचा निवृत्तीनंतरचा बेत एकच असतो : दुमजली घर घ्यावे, खाली आपण राहावे, वर भाडेकरू ठेवावा आणि भाड्यावर निश्चिंत व्हावे. मीही २०१६ साली तेच केले. त्यापूर्वी २८ वर्षे मी याच शहरात भाडेकरू होतो आणि घरमालक या प्राण्याविषयी माझी मते फारशी चांगली नव्हती. मालक झाल्यावर त्यांतील बरीचशी मते मला स्वतःलाच लागू पडली, हे आज सांगायचे आहे.

वरच्या मजल्यावर धारवाडकडचे एक तरुण जोडपे राहावयास आले. मराठी त्यांना समजत असे. आम्हांला ते काका-काकू म्हणत. भाडे दरमहा १८,००० रुपये ठरले. दहा महिन्यांचे भाडे अनामत घेण्याची येथे त्या वेळी सर्रास रूढी होती. त्याप्रमाणे १,८०,००० रुपये एकरकमी हाती आले. ती रक्कम मी आमच्या नेहमीच्या खात्यात भरली आणि माझ्या चुकांचा श्रीगणेशा झाला. खात्यात पैसे दिसू लागताच कुंपणाची भिंत उंच झाली, स्वयंपाकघरात नवी कपाटे आली. वर्षभरात अनामत केव्हा संपली, हे कळलेही नाही.

२०१७ साली बंगळूरला अतोनात पाऊस झाला. त्याच दिवसांत आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओल उमटली. पावसाची ओल समजून मी ती रंगवून घेतली. दोन महिन्यांनी पुन्हा उमटली, पुन्हा रंगवली. वर जाऊन ‘पाणी जरा बेताने वापरा’ असेही सांगून आलो. ती दोघे बिचारी काही बोलली नाहीत. अखेर एका वृद्ध गवंड्याने मला गळती वाचावयास शिकवले. ओल केवळ पावसातच वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहावी. अहोरात्र सारखीच असेल तर दाबाचा नळ पाहावा. वरच्यांच्या स्नानानंतर वाढत असेल तर मोरीची फरशी आणि सांडपाण्याचा सांधा पाहावा. आमचा दोष त्या सांध्यात होता. वेळीच लक्ष दिले असते तर सात-आठ हजारांत काम आटोपले असते. पण रंगाखाली ओल मुरत राहिली, छतातील सळया गंजल्या. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. खर्च ६२,००० रुपयांवर गेला. पाणी वापरणाऱ्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांतच, २०१८ साली, त्या गृहस्थांची पुण्याला बदली झाली. करारानुसार त्यांनी महिन्याची आगाऊ सूचना दिली. माझ्या खात्यात उणेपुरे ४०,००० रुपये होते. मी थोडी मुदत मागितली. तेव्हा ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, “काका, पुण्याच्या घराची अनामत याच पैशांतून द्यायची आहे हो.” माझ्या २८ वर्षांच्या भाडेकरूपणात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. सौभाग्यवतीने मुकाट्याने तिच्या नावची मुदतठेव मोडली आणि रक्कम पुरी केली. त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “ते पैसे आपले कधी नव्हतेच.”

बंधुभगिनींनो, माझ्या भाषणाचे सार त्या वाक्यात आहे. अनामत हे उत्पन्न नव्हे. ती दुसऱ्याची ठेव आहे. भाडेदेखील सर्वस्वी आपले नव्हे. त्यात घराचा वाटा आहे. तेव्हापासून आम्ही हिशेबाच्या तीन वह्या ठेवल्या. अनामत आता दोनच महिन्यांची घेतो आणि ती स्वतंत्र मुदतठेवीत राहते. भाड्याचा दहावा हिस्सा दरमहा दुरुस्तीच्या खात्यात जातो. वर्षाचे भाडे आम्ही अकरा महिन्यांचेच धरतो, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामे राहतेच. उरेल ते आमचे.

प्राप्तिकराचा कायदाही एका अर्थी हेच सुचवतो. वर्षाच्या २,१६,००० रुपये भाड्यातून, त्या मजल्यापुरता भरलेला मालमत्ता कर ६,००० रुपये धरून, वजा केला की २,१०,००० उरतात. त्यावर ३० टक्के, म्हणजे ६३,००० रुपये, दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला हे न पाहता वजावट मिळते. ही सवलत चैनीसाठी नाही. घर झिजते याची ती आठवण आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना ठेवला. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक नाही. परंतु करार लिहिताना मार्गदर्शक आहे. निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, नळ बदलणे व विजेच्या तारा ही मालकाची जबाबदारी, तोटीचे वायसर, बटणे, खिडकीची काच ही भाडेकरूची, अशी वाटणी त्यात आहे. वेगळे काही ठरल्यास ते करारात लिहावे. भाडेकरूच्या घरात जाण्यापूर्वी मालकाने २४ तास आधी कळवावे, असेही त्यात म्हटले आहे. हा नियम माझ्यासारख्या खाली राहणाऱ्या मालकाने विशेष पाळावा. जिना आपला असला तरी वरचे दार आपले नसते.

आता नवे बिऱ्हाड येते तेव्हा आम्ही दोन्ही बाजू मिळून घर पाहतो, भिंती-नळांची स्थिती कागदावर लिहून सह्या करतो. आणि एक वाक्य मी आवर्जून सांगतो : गळती दिसली तर संकोच न करता त्याच दिवशी कळवा. त्या धारवाडच्या जोडप्याला मी हे सांगितले नव्हते. उलट पाणी बेताने वापरण्याचा उपदेश केला होता.

पुण्याहून त्यांचे दिवाळीला पत्र येते. त्यात अनामतीचा उल्लेख कधी नसतो. तो त्यांचा मोठेपणा. माझ्यापुरता तो हिशेब मी मिटलेला मानीत नाही. म्हणूनच आज आपल्यापुढे मांडला.