समतोल कुणाचा?

(लघुपट काढणाऱ्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. आज कथनाच्या सिद्धांतावर बोलणार आहे, कारण सिद्धांत ही कुणाच्या बापाची जहागीर नाही. तुम्ही मोबाइलवर लघुपट काढताय. शिकवणारे सांगतात, गोष्टीला सांगाडा लागतो. लागतो, कबूल. पण घेण्याआधी तो ठोकून बघा.

त्झ्वेतान तोदोरोव्ह हा बल्गेरियात जन्मलेला, पॅरिसला स्थायिक झालेला अभ्यासक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गोष्ट समतोलातून सुरू होते. काहीतरी घडून समतोल बिघडतो. बिघाड ध्यानात येतो. तो सुधारायची धडपड होते. शेवटी नवा समतोल येतो, जुन्यासारखाच, पण अगदी तोच नव्हे. अशा पाच पायऱ्या.

त्या एका लघुपटाला लावू. १८९५ सालचा, ल्युमिए बंधूंचा, मिनिटभराचाही नाही. माळी झाडांना पाणी घालतोय. पोरगं मागून येऊन नळीवर पाय देतं. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोरगं पाय उचलतं, फवारा थेट थोबाडावर. माळी पोराला धरून आणतो, ढुंगणावर फटके देतो आणि पुन्हा पाणी घालू लागतो. पाची पायऱ्या फिट्ट! जग तेव्हापासून हसतंय. मीही हसलो.

पण इतकं फिट्ट का बसतं? कारण माळी राबतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरूनच गोष्ट सुरू होते. बाग कुणाची, हे कुणी विचारत नाही. तो माळी खऱ्या आयुष्यातही ल्युमिए घराण्याचाच माळी होता. कॅमेरा मालकाचा, माळीही मालकाचा. पोराला फटके, काम पुन्हा चालू. याचं नाव समतोल.

त्याच साली ल्युमिएंनी लियोंमधल्या आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा लावला. फोटोच्या काचा बनवणारा कारखाना. फाटक उघडतं, कामगार बाहेर पडतात, बायाच जास्त. कुणी सायकलवर, मधेच एक कुत्रं. यात बिघाड कुठाय? कुणी म्हणेल, ही गोष्टच नव्हे, नुसतं दृश्य. मग याची तीन रिळं कशी? एकात एका घोड्याची गाडी, दुसऱ्यात दोन घोड्यांची, तिसऱ्यात गाडीच नाही. म्हणजे हे बाहेर पडणं पुन्हा पुन्हा टिपलं, रचलं. सुरुवात कुठे नि शेवट कुठे, ते मालकानं ठरवलं.

मी रोज गोदीच्या फाटकातून बाहेर पडतो. मला दिसतं ते सांगतो. बिघाड फाटकाच्या आत आहे. पाठीतली कळ, मुकादमाची शिवी, खाड्याचे कापलेले पैसे, हे सगळं पहिल्या फ्रेमच्या आधीच होऊन गेलंय. ७ जुलै १८९६ ला मुंबईत, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकिटावर हेच फाटक दाखवलं गेलं. मुंबईत सिनेमा आला तोच हे फाटक घेऊन आला.

आता हाच सांगाडा आपल्या गोष्टीला लावा. महाड, २० मार्च १९२७. गावाच्या हिशेबानं समतोल काय? चवदार तळ्यावर गुरं पाणी पितात, अस्पृश्य पीत नाहीत. बिघाड काय? बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागोमाग हजारोंनी भरली. दुरुस्ती काय? आपल्या माणसांना मारहाण, आणि दही, दूध, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी. झाला समतोल! माळ्याच्या बागेचीच गोष्ट.

आपल्या बाजूनं मांडली तर पहिली फ्रेमच बिघाडाची. समोर तळं आणि घशाला कोरड. ओंजळ ही दुरुस्ती. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. आणि समतोल? तो अजून यायचाय, दोस्तांनो.

म्हणून तोदोरोव्ह फेकून देऊ नका. चांगलं हत्यार आहे, वापरा. फक्त पहिली फ्रेम लावताना विचारा, इथं कोण सुखात आहे आणि कुणाच्या जिवावर? शेवटची फ्रेम लावताना विचारा, कुणाचं काम पुन्हा सुरळीत झालं?

ल्युमिएंचा कॅमेरा फाटकाबाहेर उभा होता. तुमचा तुमच्या खिशात आहे. आत न्या.

जय भीम!