कळ कुणाच्या हाती?



माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे. वय चौदा. बोलतो थोडं, ऐकतो मात्र फार. आपण ज्याला घरातली शांतता म्हणतो, तिच्यात त्याला पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, शेजारचा मिक्सर असं सगळं एकदम ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपरा गाठतो. कॉलरच्या आतली पट्टीसुद्धा त्याला टोचते. हा हट्ट नव्हे. २०१३ पासून स्वमग्नतेच्या अमेरिकी निदान-निकषांतही संवेदनांच्या या तीव्रतेचा समावेश आहे.

बहिणीनं त्याला मोठे हेडफोन आणून दिले. गाण्यांसाठी नव्हेत. त्यातला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, यंत्र त्याच्या नेमकी उलट लाट तयार करतं आणि दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात. विमानातल्या आवाजाला वैतागून अमर बोस यांनी १९७८ मध्ये अशा हेडफोनचा विचार सुरू केला होता. सलग घरघर त्यात छान विरते. फटाका किंवा शिट्टी तेवढी विरत नाही. त्यासाठी कारखान्यातले कामगार लावतात तशी, कान झाकणारी जाड कवचं बरी. त्यांना बॅटरीही लागत नाही.

गेल्या वर्षी घरात निकाह होता. मोठ्यांना सलाम करताना कानावर हे काय, म्हणून मीच त्याचे हेडफोन उतरवले. तेवढ्यात वरात दाराशी आली, बँड सुरू झाला. पोरानं स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावला. कुणी म्हणालं, लाडावलाय. बहीण मला एवढंच म्हणाली, "भाईजान, भर रस्त्यात तुमचा चष्मा कुणी काढून घेतला तर?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचू लागलो. टेंपल ग्रँडिन ही स्वमग्न अमेरिकन मुलगी. नातलगांच्या गोठ्यात, लस देताना गुरांना दोन फळ्यांत धरतात, तेव्हा काही गुरं शांत होतात, हे तिनं पाहिलं. १९६५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिनं स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. माणसाची मिठी तिला सोसत नसे, हा दाब सोसे. कारण त्याची कळ तिच्याच हातात होती. पुढे वजनदार जाकिटं आली. ती सगळ्यांनाच उपयोगी पडतात, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

आता नाडीचे ठोके आणि घाम मोजणारे मनगटी पट्टे आहेत. मुलाची घालमेल आधीच ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे. पण ठोके आनंदानंही वाढतात. आणि पट्ट्यानं इशारा दिल्यावर त्याला गर्दीतून बाहेर नेणार, की गप्प बसवणार? हे यंत्र सांगत नाही. ते आपल्याला ठरवायचं असतं.

लग्नात, शाळेत, एसटीत असा मुलगा दिसला, तर त्याच्या कानांना हात लावू नका. काढायचे कधी, ते त्याला कळतं.

परवा मी घरी कविता वाचत होतो. तो आला, हेडफोनची एक बाजू मागे सरकवली, दोन कडवी ऐकली आणि पुन्हा लावली. माझी तक्रार नाही. दोन कडवी त्यानं आपणहून ऐकली.