सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीचे हवामान
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



उन्हाळा असह्य झाला की आपल्यातली कुणीतरी म्हणतेच, "सूर्यच तापू लागला, तिथे माणूस काय करणार?" हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. सूर्य खरोखरच नेहमी सारखा नसतो.

सूर्यबिंबावर काळे डाग येतात. सुमारे ११ वर्षांत ते वाढतात आणि ओसरतात. त्यांच्या चढउताराला असा फेरा आहे, हे श्वाबे या जर्मन निरीक्षकाने १८४३ साली जाहीर केले. गंमत अशी, की डाग पुष्कळ असतात तेव्हा सूर्य किंचित अधिकच तेजस्वी असतो. कारण डागांच्या आसपास उजळ ठिपकेही वाढलेले असतात.

आता १६४५ ते १७१५ ही ७० वर्षे पाहा. आपल्याकडे शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला तो याच काळात. तेव्हा हे डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. युरोपात कडाक्याची थंडी पडे. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी अशी गोठली, की तिच्या पाठीवर बाजार भरला!

डागांच्या या दुष्काळाकडे जगाचे लक्ष वेधले ते ग्रीनिच वेधशाळेतील वॉल्टर माँडर यांनी. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या पत्नीविषयी. ॲनीबाई १८९१ साली त्याच वेधशाळेत गणिताच्या कामावर लागल्या. १८९५ साली लग्न झाले आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. सूर्याचा अभ्यास मात्र सुटला नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी हे जोडपे थेट आपल्या वऱ्हाडात, तळणीला आले होते. सूर्याच्या प्रभेचा एक लांबच लांब झोत ॲनीबाईंनी तेथे छायाचित्रात पकडला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र त्यांना सभासद करून घेतले ते १९१६ साली.

तर मग ती थंडी डाग गेल्यामुळेच पडली का? थोडीशी, एवढेच म्हणता येईल. गारठा त्याआधीच सुरू झाला होता, आणि ज्वालामुखींचाही त्यात हात होता. ११ वर्षांच्या फेऱ्यात सूर्याचे तेज बदलते ते हजारात सुमारे एक भाग. १९७८ पासून उपग्रह ते मोजत आहेत; ते चढत गेलेले नाही. पृथ्वी मात्र तापत गेली. शिवाय चुलीचा जाळ वाढला तर सारे घर तापते. गोधडी जाड केली तर आत ऊब वाढते आणि बाहेरची बाजू गारच राहते. आज जमिनीलगतची हवा तापते आहे आणि फार उंचावरची थंड होते आहे. म्हणजे जाळ तोच आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण गोधडी जाड केली आहे.

डाग पुन्हा ७० वर्षे नाहीसे झाले, तरी पृथ्वीची सरासरी उष्णता फार तर अंशाच्या तीन दशांशाने उतरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकापासून ती एका अंशाहून अधिक चढलेली आहे.