श्रद्धेची चिन्हे आणि परीक्षेचे दार

(जुना जालना येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंडलिकेच्या या तीरावर जुन्या जालन्यात आनंदी स्वामींचे मंदिर आहे आणि काळी मशीदही आहे. येथील घराघरांतील श्रद्धा निरनिराळ्या असल्या, तरी त्या घरांतील मुले एकाच परीक्षेस बसतात. म्हणूनच अंगावर श्रद्धेचे चिन्ह असताना परीक्षा केंद्रात प्रवेश मिळावा काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यालाही परका नाही.

तपासणीची कडक पद्धत विनाकारण आलेली नाही. ३ मे २०१५ रोजी झालेली वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षा उत्तरे फुटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. २५ जुलैच्या फेरपरीक्षेसाठी पोशाखाचे कठोर नियम झाले. हिजाबच्या प्रश्नावर हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मात्र त्यापूर्वीच केरळ उच्च न्यायालयाने दोन विद्यार्थिनींना हिजाबसह बसू दिले होते. त्यांनी अर्धा तास आधी यावे आणि गरज पडल्यास महिला पर्यवेक्षकांनी त्यांची तपासणी करावी, अशी अट होती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शीख परीक्षार्थींना कडे व कृपाण धारण करून नीट परीक्षेस बसण्याची मुभा दिली; त्यांनाही तासभर आधी हजर राहावयाचे होते.

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग होय, असे त्याच्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. तेव्हा तपासणीस नकार देण्याचा हक्क कोणासही नाही. परंतु तपासणी म्हणजे चिन्ह उतरविणे असेही नव्हे.

हा भेद दारावर उमगला नाही, तर काय होते? आपल्या शेजारच्या बीदर येथे १७ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटकाच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या वेळी एका विद्यार्थ्यास जानवे काढण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याचा गणिताचा पेपर हुकला. जानवे काढावे असा नियमच नव्हता, हे परीक्षा प्राधिकरणाने मागाहून स्पष्ट केले. संबंधितांवर कारवाईही झाली. परंतु हुकलेली वेळ कारवाईने परत येत नाही. वाशीम येथेही १७ जुलै २०२२ रोजी नीट परीक्षेच्या एका केंद्रावर हिजाब उतरविण्यास भाग पाडल्याची तक्रार विद्यार्थिनींनी केली होती. जानवे असो वा हिजाब, दारावर उभ्या मुलाची कोंडी सारखीच असते.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. नीटच्या माहितीपुस्तिकेतच पारंपरिक वेश परिधान करणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावे, अशी सूचना असते. प्रवेशपत्र हाती येताच शिक्षकांनी ती मुलांना व पालकांना वाचून दाखवावी. केंद्रप्रमुखांनी आदल्या दिवशी शिपाई, पहारेकरी व पर्यवेक्षक यांना लेखी नियम समजावून द्यावेत. मुलींच्या तपासणीसाठी महिला कर्मचारी व पडद्याआडची जागा ठेवावी. शंका आल्यास दारावरच्या माणसाने स्वतः निर्णय न घेता केंद्रप्रमुखास बोलवावे. परीक्षार्थीस परत पाठविण्याचा प्रसंग आलाच, तर कारण लेखी नोंदवावे.

पंचायत सदस्यांचेही काम आहे. मंठा, घनसावंगीकडील खेड्यातून येणाऱ्या मुलास तासभर आधी पोहोचणे पहिल्या गाडीच्या वेळेवर अवलंबून असते. अशा मुलांची यादी करून वाहनाची सोय गावाने आधीच पाहिली, तर नियमाने दिलेली सवलत त्यांच्या पदरात खरोखर पडेल.

प्रामाणिक परीक्षा आणि प्रामाणिक श्रद्धा यांत वैर नाही. वर्षभर अभ्यास केलेले मूल नियमाच्या अज्ञानापायी दारातून परतू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयाची आहे.