कोरडी कांति आणि संत्र्याची साल

वरूड तालुक्यांतील शेंदूरजनाघाट हें संत्र्याच्या कलमांचें गांव. तेथें सुगंधी साल फेकून देणें जिवावर येतें; ती उकळून तें पाणी चेहऱ्यावर शिंपडावें, असें एखाद्या गृहिणीस वाटल्यास नवल नाहीं. पण नाजूक त्वचेस तें मानवेलच असें नाहीं. सालीच्या तेलांत मुख्यतः लिमोनीन असतें. हवा लागून तें जुनें झालें कीं कित्येकांस खाज सुटते, पुरळ उठतें. शिवाय असलें घरगुती पाणी उन्हाळ्यांत लौकर नासतें. त्यापेक्षां अत्तर न मिसळलेलें गुलाबपाणी बरें. तेंहि आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें.

वऱ्हाडांतल्या वैशाखांत मात्र कोणतेंहि पाणी पाहतां पाहतां उडून जातें आणि चेहरा पुन्हां ओढल्यासारखा होतो. म्हणून तो ओलसर असतांनाच त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा.