बालकाची पहिली शाळा : घर



परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. भोवताली काळी जमीन आणि कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी यांची शिवारे. या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पेरणीच्या वेळी वाफसा साधला नाही, तर पुढे कितीही खत घातले तरी ते पीक पुरते सावरत नाही. बालकाच्या वाढीचा नियमही याहून फारसा निराळा नाही. सहाव्या वर्षी मूल शाळेच्या पटावर येते, तेव्हा त्याच्या शरीराची, बुद्धीची व स्वभावाची पेरणी घरात केव्हाच होऊन गेलेली असते.

पहिले एक हजार दिवस

गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस, असे हे एक हजार दिवस बालविकासाच्या शास्त्रात सर्वांत मोलाचे मानले जातात. मेंदूची सर्वाधिक वेगाने वाढ याच काळात होते. या अवधीत आहार अपुरा पडला, आजारपणे वारंवार आली, तर मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटते आणि हे खुजेपण पुढे भरून काढणे अतिशय कठीण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुजी आढळली. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मुलांच्या बाबतीत पेरणीचा हंगाम चुकला होता.

जन्मल्यापासून एका तासाच्या आत स्तनपान, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, सहा महिने पूर्ण होताच मऊ वरणभात, खिचडी, अंडे, भाजी असा वरचा आहार, आणि वेळच्या वेळी लसीकरण या गोष्टी आता खेड्यापाड्यांतून ठाऊक झाल्या आहेत. अडचण पुष्कळदा ज्ञानाची नसून सवडीची असते. खुरपणीच्या व वेचणीच्या दिवसांत माता पहाटे घर सोडते. मुलाचे पोट लहान असल्याने त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. हे काम घरात कोणी करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाने द्यावयाचे असते.

बोलणे हेही पोषणच

मूल केवळ अन्नावर वाढत नाही. जात्यावर दळताना मांडीवरच्या लेकराच्या कानी ओवी पडत असे, तोच त्याचा भाषेचा पहिला पाठ असे. ज्या जनाबाईंची ओवी-अभंगांची परंपरा महाराष्ट्राने जपली, त्यांचे गंगाखेड याच जिल्ह्यातील आहे. जाते गेले आणि बायकांच्या मनगटांना विसावा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर तो पाठही बंद पडला. त्याच्या जागी रडणाऱ्या मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देणे, हा उपाय अनेक घरांत रूढ झाला आहे. यंत्र बोलते, पण मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. मूल हुंकारले की आईने हसून प्रतिसाद द्यावा, त्याने बोट दाखविले की त्या वस्तूचे नाव सांगावे, या देवघेवीतूनच भाषा व विश्वास दोन्ही अंकुरतात.

याची साक्ष दूरच्या जमैका बेटावरून मिळते. तेथील किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांतील १२९ खुज्या बालकांवर १९८६-८७ पासून एक प्रयोग झाला. त्यांपैकी काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्यातून एकदा तासभर जात आणि घरीच केलेल्या साध्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व बोलावे, हे आईला दाखवीत. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. खेळणी टाकाऊ वस्तूंची होती, त्यांमागील माणसाचा सहवास मात्र अमोल होता.

वडील, आजी आणि आजोबा

वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल कडेवर घेणे हे एके काळी पुरुषाला संकोचाचे वाटे. हा संकोच अद्याप सर्वत्र मावळलेला नाही. बालसंगोपन हे केवळ आईचे काम, या समजुतीचे मूळ त्यातच आहे. वास्तविक संध्याकाळी पित्याने अर्धा तास मुलाजवळ बसणे, त्याच्याशी बोलणे, त्याच्यासमोर पत्नीला आदराने वागविणे, हे संस्काराचे सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक साधन होय. ज्या घरात मारहाण व मद्यपान चालते, तेथील बालक भयाचीच बाराखडी प्रथम गिरविते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील स्थिती अधिक बिकट असते. मुकादमाकडून उचल घेतलेले पतीपत्नी म्हणजे एक ‘कोयता’. दिवाळीच्या सुमारास हे कोयते गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले एक तर फडाकडेच्या कोपीत राहतात किंवा गावी म्हाताऱ्या आजीच्या ओंजळीत पडतात. त्या काळात आजी हीच माता व तीच शिक्षिका असते. म्हणून अंगणवाडीतील पालकसभेला केवळ आई-वडिलांनाच नव्हे, तर आजी-आजोबांनाही अगत्याने बोलावले पाहिजे.

आई स्वतःच बालक असेल तर?

परंतु परभणी जिल्ह्यात या साऱ्याच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. उपरोक्त पाहणीनुसार या जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचा विवाह वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. संपूर्ण राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. जिच्या स्वतःच्या हाडांची वाढ पुरी झालेली नाही, तिच्या उदरातील गर्भाला पोषण कोठून मिळावे? अशा मातेची बालके कमी वजनाची जन्मण्याचा धोका अधिक असतो. तिची शाळा सुटलेली असते, सासरी तिच्या शब्दाला वजन नसते. मुलाला केव्हा दवाखान्यात न्यावे, हेही ती ठरवू शकत नाही.

मुलीला गावी कोणाजवळ ठेवावे, ही स्थलांतर करणाऱ्या पालकांची चिंता खरी आहे. एकाच मांडवात खर्च भागविण्याची निकडही खरी आहे. तेव्हा केवळ कायद्याचा बडगा पुरेसा नाही. १९७८ पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ आहे आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने कारवाईचे अधिकार दिले आहेत. परंतु हंगामी वसतिगृह चालू असेल आणि दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत जाणारी बस वेळेवर येत असेल, तरच तो कायदा घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचेल.

गावाने काय करावे?

दक्षिण गुजरातच्या सीमेलगत, डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दातच घराचे अंगण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. अंगण आणि शाळा यांतील हे नाते पुन्हा जोडणे, हे पिंगळीसारख्या प्रत्येक गावाचे काम आहे.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी राखावयाचा असतो. त्यातून अंगणवाडीला स्वच्छ पाणी, वजनकाटा व खेळणी मिळू शकतात. ग्रामसभेत रस्त्यांच्या जोडीने गावातील कमी वजनाच्या बालकांची संख्याही वाचून दाखवावी. सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे, कारण अनेक बालविवाहांची पहिली वार्ता हजेरीपटावरच उमटते. वार्ता कळताच १०९८ या क्रमांकावर कळविणे, हे कोणाशी वैर नसून त्या मुलीवरील व तिच्या भावी बालकावरील उपकार होत.

शाळेची इमारत निधीतून उभी राहते. पहिली शाळा मात्र प्रत्येक घराने स्वतःच बांधावयाची असते. तिची पायाभरणी बाळाच्या जन्मदिवशी होत नाही. ती होते त्या दिवशी, ज्या दिवशी एखादा पिता आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी आलेले स्थळ परत पाठवितो आणि तिचे दप्तर पुन्हा तिच्या हाती देतो.